साहेबीणबाई हसल्या कशाला

सासरे : आणि मग ती खिडकीतली साहेबीणबाई हसली. हसली की नाही, सांग.

सून : हसली, बाबा. पट्टा लावा.

सासरे : लावतो की. पण त्या बाजूला बसून लावतो. तू इकडे ये आणि किल्ली दे. हे बघ, लायसनचं कार्ड अजून गरम आहे. फोटोत चोरासारखा दिसतोय, पण नाव माझंच आहे.

सून : आज मीच चालवते. तुम्ही दमलाय. सकाळपासून रांगेत उभे होतात.

सासरे : उभं राहून मी दमतो होय? सगळा जन्म साहेबलोकांच्या दारात गाडी लावून उभं राहण्यात गेला. अगं, चौथ्या खेपेला का होईना, गंगेत घोडं न्हालं. पहिल्या वेळी हॉर्न वाजवला म्हणून नापास. दुसऱ्या वेळी वळताना खिडकीतून हात बाहेर काढला म्हणून नापास. तिसऱ्या वेळी म्हणे मान वळवून मागे पाहिलं नाही. मग आरसा कशाला लावलाय, भांग पाडायला? आज मात्र इतकी मान वळवली की परीक्षक घाबरला असेल, म्हाताऱ्याची मान माझ्या हातात येते की काय.

सून : छान चालवलीत. मी काचेतून बघत होते.

सासरे : मग तोंड असं का? एरंडेल प्यायल्यासारखं.

सून : डोकं दुखतंय जरा.

सासरे : तर मग मीच चालवतो. दुखत्या डोक्याने गाडी चालवू नये, असं त्या नियमांच्या पुस्तकातच आहे. तूच वाचून दाखवलं होतंस.

सून : थोडा वेळ नुसतं बसू या ना, बाबा. चिमणीची शाळा सुटायला अवकाश आहे.

सासरे : बसू. मला कसली घाई. सोमवारपासून तिला सोडायचं काम माझं आणि आणायचंही माझं. तू पहाटे बिनघोर दवाखान्यात जा, रक्ताच्या नळ्या तपासत बस. नातीला घेऊन गाडीत निघालो की शेजारचे बघत राहतील. आणि हो, तुमच्या त्या मोठ्या बाईंना कळव आता, पहाटेची पाळी घेते म्हणून.

सून : कालच कळवलं.

सासरे : काल? माझं आजचं व्हायच्या आधीच?

सून : त्यांनी कालपर्यंतचीच मुदत दिली होती. दिवसाच्या पाळीत जागा उरली नाही, पहाटेची घ्या नाहीतर दुसरीकडे बघा, असं सरळ सांगितलं.

सासरे : आणि आज मी पुन्हा हॉर्न वाजवला असता तर?

सून : तेच डोक्यात होतं. शाळेची बस आपल्या बाजूला येत नाही. तुमचा मुलगा शनिवारशिवाय घरी नसतो. तुम्हाला लायसन मिळालं तरच सगळं जुळत होतं. नाहीतर नोकरी गेली असती.

सासरे : मिळालं ना? मग आता कसला घोर. खरं सांगू का, मला गाडीची भीती नव्हतीच. भीती होती ती खिडकीतल्या साहेबीणबाईंची. पास झाल्यावर आधी तिने माझं भारतातलं लायसन उलटंसुलटं करून पाहिलं, शिळी भाकरी बघावी तसं. आणि मग आजारपणाचं विचारायला लागली.

सून : सगळ्यांनाच विचारतात ते.

सासरे : विचारावंच. वर्षभरात कधी शुद्ध हरपली का, चक्कर येऊन पडलात का. तू मला ते मराठीत सांगितलंस आणि मी म्हटलं, संपलं. पण खोटं कसं बोलणार? इतकी वर्षं साहेबांची गाडी चालवली, त्यात एवढं एक शिकलो. मागे माणूस बसलं की गाडी आपली राहत नाही. आणि इथे तर मागे चिमणी बसणार. सगळं सांगून टाकलं. बरं झालं, इथे घरचं माणूस दुभाषी म्हणून चालतं. परक्याने अर्धवटच सांगितलं असतं.

सून : बाबा, पाणी देऊ का?

सासरे : नको. तर तू तिला सांगितलंस, ती हसली, आणि ठप्पकन शिक्का मारला. मी बघतच राहिलो. खऱ्याची किंमत असलेली माणसं आहेत ही. तू गाडी काढायला गेलीस ना, तेव्हा तुझ्या नवऱ्यालाही फोन केला.

सून : काय सांगितलंत त्यांना?

सासरे : हेच. चक्कर येते हे तोंडाने सांगूनसुद्धा बाईंनी लायसन दिलं. तोही चाट पडला. म्हणाला, असं कसं दिलं? म्हटलं, या वयात एवढं तेवढं चालत असेल इथे. पण एक कोडं मला सुटलं नाही बघ. साहेबीणबाई हसल्या कशाला? चक्कर येण्यात हसण्यासारखं काय आहे?

सून : त्या चक्करला हसल्या नाहीत.

सासरे : मग?

सून : मी त्यांना म्हटलं, सासरे म्हणतात, जेवणानंतर डोळे मिटतात तेवढंच, बाकी काही नाही.

सासरे : कोण असं म्हणालं?

सून : तुम्ही म्हणालात, असं मी सांगितलं.

सासरे : जेवणाचं मी कुठे बोललो?

सून : नाही बोललात.

सासरे : आणि मी न्हाणीघरात पडलो, ते?

सून : नाही सांगितलं.

सासरे : भाजीच्या दुकानात पडलो होतो, दोन माणसांनी उचलून बसवलं, ते?

सून : तेही नाही.

सासरे : तरीच. मी एवढा वेळ बोललो आणि तुझं चटकन आटपलं. मला वाटलं, यांची भाषाच तोकडी असेल.

सून : घरून ठरवून आले नव्हते मी, बाबा. खरंच नव्हते. मला वाटलं होतं, तुम्हीच नाही म्हणाल. तुम्ही नाही म्हणाला असतात, मी नाही सांगितलं असतं, आणि पाप निम्मंनिम्मं झालं असतं. तुम्ही हो म्हणाल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

सासरे : म्हणजे माझ्या खोटं बोलण्यावर तुझी भिस्त होती.

सून : हो.

सासरे : बरं.

सून : न्हाणीघर आणि दुकान, ते मला ठाऊकच होतं. त्या दोन्हींबद्दल मी मनाची समजूत केव्हाच घालून ठेवली होती. वय आहे, पाणी कमी पितात, डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा बघू. पण तुम्ही तिसरी चक्कर सांगायला लागलात.

सासरे : हं. बागेतली.

सून : ती मला तिथे, खिडकीपाशी कळली. चिमणी झोक्यावर होती. तुम्ही बाकावर होतात. डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि पुन्हा दिसायला लागलं तेव्हा झोका रिकामा होता. इथवर ऐकलं मी. आणि साहेबीणबाईंकडे वळून म्हटलं, काही नाही म्हणतात.

सासरे : मागेच होती गं ती. घसरगुंडीवर गेली होती. काही झालं नव्हतं.

सून : ते तुम्ही पुढे बोललात. त्याच्या आधीच माझं सांगून झालं होतं. झोका रिकामा आहे, पोरीचं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि मी बोलून मोकळी झाले. डोळ्यांसमोर दवाखान्यातल्या मोठ्या बाई होत्या माझ्या. सोमवारची पाळी होती. चिमणी नव्हती, बाबा. त्या घटकेला चिमणी कुठेच नव्हती.

सासरे : अगं, हळू. तो पलीकडचा माणूस बघतोय.

सून : बघू दे. दवाखान्यात नोकरी करते मी. असा माणूस तपासायला आला, तर गाडी घेऊन आलात का म्हणून आम्ही पहिल्यांदा विचारतो. आणि घरातल्याच अशा माणसाच्या गाडीत मी पोर बसवणार होते. मघापासून किल्ली मुठीत धरून बसलेय. तुम्ही मागताय आणि माझी मूठ उघडत नाही.

सासरे : मला ती बागेतली घरी सांगायला हवी होती.

सून : का नाही सांगितलीत?

सासरे : काय सांगू? भाजी फोडणीला टाकून तू ते पुस्तक मला समजावत होतीस. चिमणी शाळेत सांगून आली होती, माझे आजोबा गाडीने येणार. इतक्या दिवसांनी म्हातारा घरच्या उपयोगाला येतोय म्हणून सगळे खूश. तुला नाही म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, सरकार आहे ना. आपण तिथे खरं सांगावं, ते नको म्हणतील. म्हणजे नाही म्हटल्याचं माझ्यावर येणार नाही आणि तूही खट्टू व्हायची नाहीस. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायला गेलो मी.

सून : म्हणजे तुम्हाला लायसन नकोच होतं?

सासरे : हवं होतं गं. हवं होतं म्हणून तर चार वेळा आलो. घरात बसून नुसता भात खायचा कंटाळा येतो माणसाला. हवंही होतं आणि भीतीही होती. तिने शिक्का मारला आणि भीती गेली. वाटलं, रोज शंभर माणसं बघणारी बाई, तिला कळत असेल. आपणच उगाच भ्यालो होतो.

सून : ती तुमची भीती मी घालवली.

सासरे : घालवलीस खरी. सोमवारी मी शीळ घालत निघालो असतो.

सून : बोला मला, बाबा. वाटेल ते बोला.

सासरे : बोलून काय होणार. मला राग आलाय, नाही असं नाही. तू माझ्या तोंडी ते घातलंस म्हणून आलाय. तुझी सासू असती तर तिने आपल्या दोघांची खरडपट्टी काढली असती, आधी माझी. ती खिडकी कधी बंद होते?

सून : कशाला?

सासरे : कार्ड परत करायला.

सून : राहू दे ना. चालवायचं नाही, झालं. खणात पडून राहील. कोणाला कळणार आहे?

सासरे : आपल्याला कळेल, तेवढं पुरे आहे. एखाद्या दिवशी तुझी सोय व्हायची नाही, चिमणी दप्तर घेऊन दारात उभी असेल, आणि कार्ड खणात असेल. मग तू म्हणशील, बाबा, आजचा दिवस. आणि मी उठेन. मी मला ओळखून आहे.

सून : मी म्हणेन. आज इतकं होऊनही म्हणेन मी.

सासरे : मग चल.

सून : परत का करताय म्हणून विचारतील ते. काय सांगायचं?

सासरे : सांग, म्हातारा तुमच्यासमोर खोटं बोलला, आता पस्तावलाय.

सून : तुम्ही एकटेच तर खरं बोललात तिथे.

सासरे : असू दे. माझं काय वाकडं होणार आहे? मी पेन्शनीत निघालेला माणूस. तुझं तसं नाही. नोकरी आहे, इथे राहायची परवानगी आहे. खोटं सांगणारी दुभाषी म्हणून तुझं नाव कुठे चढायला नको. माझ्या नावावर एक खोटं चढलंच आहे, त्यावर अजून एक.

सून : आणि पाळी? मोठ्या बाईंना काय सांगू?

सासरे : ते मला नाही माहीत. घरी जाऊन बघू. दार उघड, उतरताना माझा हात धर. नको, असू दे. धर, बाई, धर.

(खिडकीपाशी. काचेपलीकडे त्याच साहेबीणबाई.)

सासरे : सांगितलंस?

सून : सांगतेय.

सासरे : एवढं लांबलचक काय चाललंय? दोन वाक्यांचं काम होतं. म्हातारा खोटं बोलला, एवढंच सांग.

सून : मला बोलू द्या, बाबा.

सासरे : आता हसत नाहीये ती.

सून : नाही.

सासरे : तुझ्याकडेच बघतेय सारखी. कार्ड मी सरकवलंय आत. काय विचारतेय?

सून : म्हणतेय, मघाशी गर्दी होती, गडबड होती. सासऱ्यांचं बोलणं तुम्हाला नीट ऐकू आलं नव्हतं का?

सासरे : बघ, भली बाई आहे. वाट काढून देतेय तुला. हो म्हण आणि सूट यातून.

सून : नाही म्हटलं मी. सगळं नीट ऐकलं होतं, खोटं माझंच होतं, असं सांगितलं.