मुख्य तपासनीसांचा उजवा खांदा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे मुख्य तपासनीस साहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी, आणि टाळ्या वाजवता वाजवता 'हा आता किती वेळ खाणार' असा हिशेब करणाऱ्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

साहेबांबद्दल चार शब्द बोलायला मला सांगितलं. का सांगितलं? माझ्यापेक्षा गोड बोलणारे या सभागृहात पुष्कळ आहेत. तेव्हा यात काहीतरी डाव असणार, असं मला लगेच वाटलं. ही सवय साहेबांनी लावली. आपली विमा कंपनी. अपघातात जखमी झालेला माणूस भरपाई मागायला येतो आणि आपण आधी त्याच्याकडे संशयाने बघतो. साहेब दावेदाराला खुर्ची देत आणि तो बसतो कसा ते बघत. बोलता बोलता पेन खाली पाडत. कंबर दुखतेय म्हणणारा पटकन वाकला की संपलाच! 'दावा कागदावर वाचू नकोस, अंगावर वाच,' असं मला किती वेळा सांगितलंय, साहेब.

आता मुद्द्याचं बोलतो. गेल्या महिन्यात साहेब आपल्याच कार्यालयाच्या जिन्यावरून पडले. दुसरं कुठलं कार्यालय असतं तर लोक धावले असते, उचललं असतं, पाणी दिलं असतं. आपण काय केलं? एकाने पायरीचा फोटो काढला. दुसऱ्याने साहेबांच्या बुटांच्या तळव्यांचा काढला. आवक-जावकच्या ताई मोठ्याने विचारू लागल्या, "प्रत्यक्ष कोणी पाहिलं का?" आणि साहेब? आडवे पडल्या पडल्या ओरडले, "मला काय बघताय! पायरी वाळायच्या आत हात लावून बघा!"

हसा, हसा. वहिनी हसत नाहीयेत.

पायरी ओली होती, हे खरं. पुसणाऱ्यांनी पाटी ठेवली नव्हती, हेही खरं. पण खांदा खरंच निकामी झालाय का? डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणतात. इजा खरी ठरली तर जबाबदारी कंपनीची, खर्चही कंपनीचा. नाही ठरली तर साहेबांनी आयुष्यभर साठवलेलं त्यातच जाणार. आणि हा तपास अध्यक्ष महोदयांनी कोणाकडे दिला? माझ्याकडे! चेल्याने गुरूला तपासायचं. वा! मीही मनात म्हटलं, नेमकं निवृत्तीच्या तोंडावर कसे पडले बुवा? कारण निवृत्ती जवळ आली की माणसं फार पडायला लागतात, हे मी साहेबांकडूनच शिकलो.

मी घरी गेलो. जाताना फळं नेली, म्हणजे तपास वाटायला नको. वहिनींनी दार उघडलं, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भावोजी, भेटायला आलात की बघायला?" आत साहेब बसलेले आणि सदऱ्याची एक बाही तशीच लोंबतेय. वहिनींनी माझ्यादेखत ती हळूच चढवली, बटणं लावली. दुसरा कोणी असता तर गहिवरला असता. मला काय वाटलं सांगू? जिन्यात माझी पावलं ऐकून तर हे सुरू केलं नसेल ना! वहिनी, आता रागावू नका. आमचं डोकं असंच झालंय.

त्या दिवसापासून मी बघतोच आहे. आज साहेब व्यासपीठावर डाव्या हाताने कठडा धरून चढले. हार डाव्या हाताने उतरवला. टाळ्यांच्या जागी टेबलावर डाव्या हाताने टिचक्या मारताहेत. पण हे सगळं ठरवूनही करता येतं. अध्यक्ष महोदय, आपल्या खात्यात आजवर...

अरेरे! ग्लास! बसा, बसा, कोणी उठू नका. फुटला तर फुटला. नुसतं पाणीच आहे.

माझा कोपर चुकून लागला नाही. मी लावला. ग्लास साहेबांच्या उजव्या हाताशी मीच सरकवून ठेवला होता. आणि आपण सगळ्यांनी पाहिलं. साहेबांचा उजवा हात झटकन पुढे आला. अर्ध्यावर आला आणि तिथेच अडला. चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी तो हात दुसऱ्या हाताने धरून टेबलाखाली नेला, कोणाला दिसू नये म्हणून. नाटक करणारा माणूस दुखणं दाखवतो हो. हा माणूस लपवत होता. माझं समाधान झालं. उद्या मी दावा मान्य करा असं लिहून देतो.

काय म्हणता? माईक देऊ? नको? बरं, सांगा, मीच सांगतो सगळ्यांना.

साहेब म्हणताहेत, थांब. एक रंगारी आला होता. परांचीवरून, म्हणजे उंच बांधलेल्या फळ्यांवरून पडलेला. खांदा गेला म्हणत होता. साहेबांनी त्याच्याकडे अचानक किल्ल्या फेकल्या. त्याचा हात वर आला. साहेबांनी शेरा मारला, 'हात चालतो.' दावा फेटाळला... हळू बोला साहेब, हळू... साहेब म्हणताहेत, "त्याचाही हात अर्ध्यावरच अडला होता रे. मी बघितलं होतं. पण आला, एवढंच लिहिलं. तो कळवळला, तर मला वाटलं सोंग करतोय. आज कळलं, हात आपण नेत नाही, तो आपोआप जातो. माझं मान्य करायच्या आधी त्याचं प्रकरण उघड."

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघताहेत. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आलंच, की जाता जाता मोठेपणा घेण्याची ही युक्ती तर नाही? पण साहेबांच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि वहिनींनी पहिल्यांदाच मान वर केलीय. युक्ती असली तरी चालेल मला. अध्यक्ष महोदय, सर्वांसमक्ष सांगतो, उद्या आपल्या टेबलावर दोन अहवाल येतील. वरचा रंगाऱ्याचा असेल. एकावर सही करून दुसरा बाजूला ठेवता येणार नाही, कारण ऐकणारे एवढे साक्षीदार इथे बसलेत.

मला बोलू दिलंत याबद्दल अध्यक्षांचे, मान्यवरांचे आणि आता काचा गोळा कराव्या लागणाऱ्या मंडळींचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आमच्या कामात मात्र काही चुकलेलं आठवत असेल, तर ते पोटात घालू नका. उद्या सकाळी येऊन सांगा. मी खुर्ची देईन, आणि बसताना तुमच्याकडे बघणार नाही.