यादीत नसलेला फोन

राउटरचं नाव काढू नका माझ्यासमोर. आमच्या मुरुम गावच्या गल्लीत वायफायचा पासवर्ड म्हणजे प्रसाद, मागंल त्याला द्यायचा. निम्मी गल्ली आमच्याच नेटवर. एका रविवारी माझं डोकं फिरलं. राउटरची सेटिंग उघडली आणि नियमच लावून टाकला: यादीत नाव असेल त्याच फोनला नेट, बाकी सगळे बंद. माझा फोन टाकला, बायकोचा टाकला, दोन्ही पोरींचे टाकले, टीव्हीसुद्धा टाकला. लई भारी वाटलं.

आठ-दहा दिवसांनी कोपऱ्यावरच्या टेलरनं हटकलं, “सर, अण्णा रोज सकाळी माझ्या दुकानात येऊन का बसायलेत वो? माझ्या नेटवर प्रवचन ऐकतात.”

अण्णा म्हणजे माझे वडील. पूजा आटोपली की घरात बसून फोनवर कन्नड प्रवचन ऐकायचं, हा त्यांचा नेम.

मी तसाच घरी आलो. “अण्णा, तुमचं नेट बंद पडलंय हे मला सांगायचं न्हाय का?”

“जेवताना तूच म्हणालास की,” अण्णा शांतपणे बोलले, “आता फक्त घरातल्या माणसांचंच चालू ठेवलंय म्हणून. मग मी काय विचारायचं?”

त्यांचा फोन यादीत घालायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. तसं त्यांना सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपली. अण्णांनी फोन खिशात टाकला आणि चपला घातल्या.

“येतो,” म्हणाले. “टेलर वाट बघत असंल.”