तेविसाव्या पट्टीबद्दल दोन शब्द

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्या दर सुट्टीत आपला चित्रकलेचा वर्ग आमच्या हवाली करतात. प्रमुख पाहुणे, आमचं हे वाद्य घडवणारे कारागीर, ज्यांच्या डोळ्याला डोळा देण्याची माझी आज छाती नाही, कारण पुढे येईलच. सत्कारमूर्ती, आमच्या बाई. माझे सहविद्यार्थी, त्यांच्या घरची मंडळी, आणि तिसऱ्या रांगेतून ‘आटपा’ अशी खूण आत्तापासूनच करणारी माझी पत्नी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी शिवणयंत्रं दुरुस्त करणारा माणूस. बोलायचं काम आजवर गिऱ्हाइकांनीच केलं, मी खाली मान घालून स्क्रू शोधत असायचो. तेव्हा सांभाळून घ्या.

नऊ वर्षांपूर्वी मी याच शाळेत शिवणवर्गाची मशीनं बघायला आलो होतो. बाजूच्या वर्गातून आवाज आला. कुणीतरी अतिशय शिस्तीत चमच्यांचा खण आवरतंय, असा. डोकावलो तर हार्प्सिकॉर्ड नावाची एक लांबट लाकडी पेटी, पियानोची बारीक झालेली बहीण म्हणावी अशी, आणि तिच्यापुढे बाई. मी विचारलं, “आत काय आहे?” बाई म्हणाल्या, “नाव घाला, मग कळेल.” मी नाव घातलं. खरं सांगू का? मला संगीत शिकायचं नव्हतं. मला झाकण उघडायचं होतं.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, “हार्प्सि... काय? या वयात?”

“बारा दिवसांचीच कार्यशाळा आहे.”

“बाराच? वाढवून मिळतात का विचारा.”

तर आत काय असतं? आपण पट्टी दाबली की एक चपटी लाकडी काडी वर उचलली जाते. तिच्या कडेला पिसाच्या देठाची नखी असते, ती तार छेडते आणि काडी आपल्या जागी खाली बसते. एकसष्ट पट्ट्या, एकसष्ट काड्या. पट्टी हळू दाबा की दणकून, आवाज तेवढाच. हे मला पटेना. मी चार दिवस दणकावत होतो. पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, “मिस्त्री, ते ऐकतंय. फक्त वर आवाज चढवून बोलत नाही.” हे मी घरी सांगितल्यावर ही म्हणाली, “मग तुमचं नि त्याचं कसं जमायचं?”

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो मी गेली नऊ वर्षं टाळत आलो आहे.

त्या पहिल्या वर्षी, शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पाचला विद्यार्थ्यांचं वादन होतं. दुपारी सगळे जेवायला गेले. मी एकटाच मागे राहिलो. दोन काड्या किंचित अडकतायत असं मला सकाळपासून वाटत होतं. आणि चाळीस वर्षांच्या धंद्यात अडकणाऱ्या वस्तूवर मला एकच उपाय माहीत. माझ्या पिशवीत तेलाची कुपी होती. ती असतेच. आजही आहे. मी एकेका काडीला एकेक थेंब सोडला. एकसष्ट थेंब. पक्षपात केला नाही.

लाकूड तेल पितं, हे मला माहीत नव्हतं. मी लोखंडातला माणूस. तीन वाजता बाईंनी पट्टी दाबली. काडी वर गेली ती गेलीच. दुसरी दाबली, तीही वर. जरा वेळाने सगळ्याच काड्या माना वर करून माझ्याकडे बघत होत्या.

मंडळी, मला वाटलं आता माझी चंपी होणार. बाईंनी मला विचारलं, “किती थेंब?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मिस्त्री, काम पूर्ण करता हं तुम्ही.” आणि सगळ्यांना फडकी वाटली. आमच्या वर्गातल्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी काड्या ओळीत लावल्या, प्रत्येकीवर नंबर घातला, कोण पुसतंय, कोण पंख्यापुढे धरतंय. तेविसावी काडी काही केल्या निघेना. ती मी पकडीने ओढली. ती दोन तुकड्यांत निघाली.

पाचाचं वादन सातला सुरू झालं. सगळ्यांत आधी बाई स्वतः बसल्या. वाजवता वाजवता तेविसावी पट्टी आली. दाबली, आणि नुसती खट्ट. बाईंनी मान न उचलता तो स्वर तोंडाने म्हटला आणि पुढे गेल्या. पुन्हा आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी म्हटला. तिसऱ्यांदा सगळ्या वर्गाने. तेव्हापासून आमच्याकडे हीच पद्धत आहे. कोणीही वाजवत असो, ती पट्टी आली की सगळे मिळून म्हणतात. नवीन आलेल्याला वाटतं, वाद्य असंच असतं.

पाहुण्यांनी दोनदा कळवलं, नवी काडी पाठवतो. बाईंचं उत्तर ठरलेलं: “नको. ते काम आमच्या मिस्त्रींकडे आहे.” मला मात्र त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. न बोलणाऱ्या माणसाचं काम अंगावर किती चढतं, तुम्हाला काय सांगू?

मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. पहिली काडी केली, ती भोकात शिरेना. दुसरी शिरली, ती वर येईना. तिसरी वाजली, पण शेजारणीला घेऊन. मग धीर सुटला आणि मी तीन वर्षं विषयच काढला नाही. उन्हाळा आला की यायचं, माझा सोळा ओळींचा तुकडा वाजवायचा, आणि त्या पट्टीपाशी आलो की सगळ्यांबरोबर म्हणायचं. सगळ्यांत मोठ्याने मीच.

या वर्षी कळलं की बावीस उन्हाळ्यांनंतर बाई थांबतायत, लेकीकडे राहायला जातायत. म्हणजे ‘पुढच्या वर्षी बघू’ हे माझं हक्काचं वाक्य गेलं. नासपतीचं वाळलेलं लाकूड मिळवलं. डॉक्टरीणबाईंनी दाताची एक बारीक कानस दिली, पुन्हा मागू नका म्हणाल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून, मधल्या सात मोडीत काढून, अकरावी काडी घडवली. ही येता जाता बघायची. शेवटी म्हणाली, “आता हात लावू नका हिला. तुम्ही बिघडवाल.”

ती काडी आज सकाळी, खुर्च्या मांडायच्या आधी, मी आत बसवली आहे. पट्टी मात्र दाबून बघितलेली नाही. धीर झाला नाही. तेल अर्थातच घातलेलं नाही.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि नऊ वर्षं माझा तोच तुकडा ऐकून घेणाऱ्या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बाई, तुमचे मानत नाही. तुमचं काम अजून माझ्याकडे आहे. जरा इकडे, वाद्यापाशी येऊन बसता का?

आता मी माझा तुकडा वाजवणार आहे. ती पट्टी त्यात एकदाच येते, अगदी शेवटी. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, वाजवताना जे होईल तेही त्यातच घाला. एवढंच मागणं आहे की आज ती पट्टी आली की कोणी काही म्हणू नका. क्षणभर थांबा.

आणि नाहीच वाजली, तर म्हणा.