बारा हजार पावलं

"सांगितलं तर कोनाले पटनार नाही शकुनबाई, पन काल मी बारा हजार पावलं चाललो!"

भंडाऱ्यात फिजिओथेरपीच्या रांगेत बसलेल्या तृप्तीनं स्वतःचा सुजलेला गुडघा विसरून मान वळवली. मागच्या बाकावर सिहोऱ्याचे तेजराम, एके काळचे कबड्डीवाले, शेजारणीला मनगटावरचा पावलं मोजणारा पट्टा दाखवत होते. बोलताना तो हात सारखा खालीवर झुलत होता.

"या अशा गुडघ्यानं?"

"मंग! कॉलेजच्या मॅडमनं बांधला हा पट्टा. जुन्या खेळाडूचे गुडघे म्हातारपनी किती चालतात, त्याचं संशोधन करून राहिली ते."

"पन चालता कुठं एवढं?"

"तलावाच्या पाळीवर. सकाळी आमचा जुना संघ जमते. मी, जीवन, श्यामराव. काल दोघंबी माझ्या कंबरेले लटकले, तरी मध्यरेषा शिवून आलो!"

"अन् पावलं कमी पडली तं?"

"तं यादीतून नाव काढतीन. मंग फोन बी बंद."

"कोनाचा फोन?"

"त्या मॅडमचा. रोज संध्याकाळी करते. 'आजोबा, आज गुडघा कसा आहे?' जेवलो का, ते बी पुसते."

"पोरगा नाही करत?"

"तो कामात राहते."

"तेजरामभाऊ, श्यामरावले जाऊन तीन वर्षं झाले. जीवन तं त्याच्याही पहिले गेला. अन् तुमी दिवसभर खाटेवर बसून हात हालवत राहता, ते मले कुंपनावरून रोज दिसते."