मोइराची चकती

(हॅमिल्टन, ओंटारिओ. विद्यापीठाची प्रयोगशाळा, शनिवारची दुपार. पोलादी यंत्रापाशी डॅनिका आणि तिच्या नवऱ्याची दहा वर्षांची मुलगी, नेल.)

नेल : हात लावत नाहीये. नुसती बघतेय.

डॅनिका : नाक टेकवलंयस काचेला. भाजेल. मागे हो, राणी.

नेल : राणी नको म्हणूस. ती आत आहे ती आईची चकती ना?

डॅनिका : कुणी सांगितलं?

नेल : बाबा फोनवर बोलत होता. आई गेली तेव्हा ती आतच राहिली म्हणून.

डॅनिका : हो. मोइरानं केलेली शेवटची, स्फटिकाची. आत हवा नाही, म्हणून अजून जशीच्या तशी आहे.

नेल : आणि सोमवारी तुम्ही यंत्र उघडणार.

डॅनिका : पंप मरायला टेकलाय गं. बदलावाच लागेल.

नेल : मग तिला हवा लागेल.

डॅनिका : लागेल. तिनं सोडलेला वरचा पृष्ठभाग क्षणात खराब होईल.

नेल : मग झाक ना तिला!

डॅनिका : तेच विचारायला तुला आणलंय. झाकायचं म्हणजे वर दुसऱ्या स्फटिकाचा थर चढवायचा. यंत्राच्या भट्टीत आता माझाच माल आहे. त्याचे अणू तिच्यापेक्षा लांब लांब बसतात. जुळत नाहीत.

नेल : तुझं काहीच जुळत नाही. पॅनकेकसुद्धा.

डॅनिका : तिच्याच पद्धतीनं केले होते.

नेल : म्हणूनच. वास तिचा आणि समोर तू. मला भीती वाटली.

डॅनिका : ...बोलली नाहीस.

नेल : न जुळणारा थर चढतो कसा?

डॅनिका : आधी अंग चोरून बसतो. खालची बसलीय अगदी तसाच. पातळ असेपर्यंत निभतं. जाड झाला की ताण सोसत नाही. दोघी टेकतात तिथूनच तडकतो.

नेल : तू पण तडकणार?

डॅनिका : मी चकतीबद्दल बोलतेय.

नेल : मी नाही.

डॅनिका : माहीत नाही, नेल. रोज वाटतं, आज तडकेन.

नेल : वर कुणी आलंय हे तिला कळेल?

डॅनिका : ती झाकली जाईल. पण वर जे बसेल, ते ती ठेवील तसंच बसेल.

नेल : आई अशीच होती. ...कर सुरू. आधी यंत्रावर दोनदा ठोक.

डॅनिका : इथे सगळेच ठोकतात. का, ते कुणालाच माहीत नाही.

नेल : मला माहितीये. आई घरी फोन करायची आणि तो यंत्राला लावून ठोकायची. म्हणजे, उशीर होईल, तू झोप.

डॅनिका : ...मग तूच ठोक.

नेल : ठक. ठक. डॅनिका, आतून आवाज आला!

डॅनिका : झडप उघडली. पडद्याकडे बघ. उभ्या रेघा आहेत तोवर जुळलंय. त्यांचे ठिपके व्हायला लागले की तडे.

नेल : रेघा आहेत... आहेत अजून... डॅनिका, एक रेघ तुटल्यासारखी दिसतेय! बास! बास कर!

डॅनिका : केली बंद. रेघा आहेत बघ. पातळ आहे, पण झाकलं.

नेल : उद्या पॅनकेक तुझ्या पद्धतीचे कर.

डॅनिका : करीन. चल, कोट घाल. मी दिवा मालवते.

नेल : यंत्रातला नको.

डॅनिका : का गं?

नेल : पांघरूण घातल्यावर आईला लगेच झोप नाही यायची.