लाल रंगाचं काही नको

सुनेत्रा: ते सरबत खाली ठेव आधी.

सुषमा: कोकमाचं आहे वहिनी. गाळून घेतलंय, चोथा नाही काही नाही.

सुनेत्रा: लाल आहे ना? मग नको. लाल नाही, जांभळं नाही. आतड्यात राहिलं तर उद्या दुर्बिणीत रक्तासारखं दिसतं. डाळिंब, बीट, गुलाबाचं सरबत, काहीच नाही. दवाखान्याचा कागद वाचलास की नाही तू?

सुषमा: वाचला. ऑफिसात डिस्पॅचची गाडी भरताना वाचला.

सुनेत्रा: म्हणजे नाही वाचलास. तुझ्या दादाच्या वेळी मी तो कागद इतक्यांदा वाचला की दोन वर्षं झाली तरी तोंडपाठ आहे. काल काय खाल्लंस?

सुषमा: पांढरा भात आणि मुगाचं वरण. परवाही तेच. मधे एकदा इडली, नुसती. भाकरी नाही, पालेभाजी नाही, शेंगदाण्याची चटणी नाही. झालं समाधान?

सुनेत्रा: आणि आज?

सुषमा: कोरा चहा दोनदा. शहाळ्याचं पाणी. मलई प्रेमने खाल्ली आणि गेला अभ्यासिकेत. बारावीचं पोरगं, त्याला कुठे सांगत बसू की आईला भूक लागलीय.

सुनेत्रा: हे घे. डाळीचं पाणी आहे, खरवईच्या घरून येताना थर्मासमधून आणलंय. दोनदा गाळलंय, ओढणीतून. हळूहळू पी. सहाला औषध सुरू करायचंय, अर्धा तास आहे अजून.

सुषमा: तुम्हाला यांनी उगाच बोलावलं. मी केलं असतं एकटीने.

सुनेत्रा: भाऊजींनी फोन केला, वहिनी मला ते पावडरचं गणित कळत नाही म्हणाले. आणि उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या दवाखान्यात कशी जाणार होतीस उद्या? शेअर रिक्षात, चौघांत दाटून? पोटात हे औषध असताना?

सुषमा: गाडी सांगितलीय यांनी. सकाळी नऊची.

सुनेत्रा: बरं केलं. पावडर कुठाय?

सुषमा: कालवून फ्रीजमध्ये ठेवलीय. दोन लिटर. कसली चव आहे हो! समुद्राच्या पाण्यात कुणी लिंबू पिळल्यासारखी.

सुनेत्रा: एक लिटर आज, एक पहाटे पाचला. दर पंधरा मिनिटांनी ग्लासभर. गार असलं की मळमळ कमी होते. आमच्या राहीचे पप्पा स्ट्रॉने प्यायचे. स्ट्रॉ जिभेच्या पार मागे ठेवायचे, चव लागू नये म्हणून. गोळ्या कुठल्या चालू आहेत तुला?

सुषमा: कुठल्याच नाहीत.

सुनेत्रा: मग हे खाली पेनाने काय लिहिलंय? 'आयर्न टॅब्लेट, सात दिवस आधी बंद.' छापील नाहीये हे. डॉक्टरांनी हाताने लिहिलंय, तुझ्यासाठी.

सुषमा: हो, ते जनरल देतात ना. बायकांना.

सुनेत्रा: सुषमा.

सुषमा: हिमोग्लोबिन जरा कमी आलं होतं.

सुनेत्रा: किती?

सुषमा: सात पॉइंट आठ.

सुनेत्रा: अगं, मी अंगणवाडीत आहे. गरोदर बाई एवढ्यावर आली की आम्ही तिला हाताला धरून दवाखान्यात नेतो. पाळीला फार जातं का?

सुषमा: नाही. नेहमीसारखंच.

सुनेत्रा: मग रक्त जातंय कुठे?

सुषमा: सहा वाजले वाटतं. आणा तो ग्लास.

सुनेत्रा: घे. पी. आणि पिऊन झालं की सांग.

सुषमा: ...शी. घशातच राहतं हे.

सुनेत्रा: सांग.

सुषमा: संडासला पडतंय. दिवाळीपासून.

सुनेत्रा: फेब्रुवारी संपत आला.

सुषमा: रोज नाही वहिनी. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. मधे पंधरा दिवस काहीच नव्हतं.

सुनेत्रा: भाऊजींना माहीत आहे?

सुषमा: नाही. यांना सांगितलं, दादाच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते ना, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायचं, म्हणून करतेय. ते खरंही आहे.

सुनेत्रा: आणि मी पण तेच समजून आले. नुसती तपासणी आहे म्हणून. थर्मास घेऊन आले मी, सहलीला आल्यासारखी! शेवटच्या महिन्यात तू त्या माणसाला उचलून संडासात नेलंयस. त्यांची पोटावरची पिशवी बदललीयस. तरी चार महिने गप्प बसलीस?

सुषमा: बघितलं म्हणूनच बसले! ज्यांनी बघितलेलं नसतं ते जातात पटकन डॉक्टरकडे. मला पुढचं सगळं माहीत होतं. पहिलं काय होतं, मग काय होतं, मग केस, मग ते उचकी लागणं. मी रोज सकाळी ठरवायचे, आज बघायचंच नाही. लाईट न लावता बसायचे आत. अंधारात काय दिसतंय?

सुनेत्रा: दुसरा ग्लास घे.

सुषमा: नको ना. पोट फुगलंय.

सुनेत्रा: फुगू दे. थांबलीस की परत पहिल्यापासून. पी.

सुषमा: वहिनी, अजून एक आहे.

सुनेत्रा: आधी पी.

सुषमा: नाही, आत्ताच सांगते. नंतर नाही सांगवणार. दादाने मला सांगितलं होतं.

सुनेत्रा: काय?

सुषमा: रक्ताचं. तुम्हाला कळायच्या आधी. चौदा एप्रिलची मिरवणूक झाली आणि तो इथे आला होता. तुम्ही आणि राही मागून येत होतात. त्या तिथे बसून बूट काढता काढता म्हणाला, सुषमा, हल्ली संडासला रक्त पडतंय गं. मी चहा गाळत होते. मी म्हटलं, मूळव्याध असेल, कंपनीत दिवसभर बसून असतोस, तिखट सोड, इसबगोल घे. तो म्हणाला, तुझ्या वहिनीला बोलू नकोस, राहीची दहावी आत्ता संपलीय, तिचं कॉलेजचं मार्गी लागू दे. मी नाही बोलले. डिसेंबरमध्ये तो कंपनीत चक्कर येऊन पडला, तोवर नाही बोलले. आठ महिने.

सुनेत्रा: दुसरा ग्लास तसाच आहे हातात. पी.

सुषमा: तो कधीच प्यायले. काहीतरी बोला, वहिनी. शिव्या द्या हवं तर.

सुनेत्रा: पंधरा मिनिटं झाली. तिसरा ग्लास.

सुषमा: मी काय सांगतेय आणि तुम्ही—

सुनेत्रा: पी म्हटलं ना.

सुषमा: प्यायले. बघा. रिकामा.

सुनेत्रा: त्यांचे कपडे मी धुवायचे.

सुषमा: म्हणजे?

सुनेत्रा: मशीनला लावायच्या आधी मी सगळं हाताने एकदा घासून घेते. मला जूनमध्येच दिसलं होतं. डाग. मिठाच्या पाण्यात भिजवले, धुतले, आतल्या दोरीवर वाळत घातले, बाहेर कुणाला दिसू नये म्हणून. त्यांना विचारलं नाही. म्हटलं पुरुष माणूस आहे, लाजतील. मलाही वाटलं मूळव्याधच. मग मी गपचूप सुरण करायला लागले. सुरणाची भाजी आणि ताक, आठवड्यातून तीन तीनदा. ते म्हणायचे, काय गं, हल्ली सुरणच? मी म्हणायचे, बाजारात चांगला येतोय.

सुषमा: तुम्ही मला रोज फोन करायचात तेव्हा.

सुनेत्रा: रोज. अंगणवाडी सुटली की.

सुषमा: मी विचारायचे भाजी काय केली. तुम्ही म्हणायचात सुरण.

सुनेत्रा: हो.

सुषमा: आणि मी म्हणायचे, दादा बरा आहे ना?

सुनेत्रा: आणि मी म्हणायचे, बरे आहेत.

सुषमा: दोघींना माहीत होतं.

सुनेत्रा: तिघांना. त्यांना स्वतःला नव्हतं का माहीत?

सुषमा: एकीने जरी तेव्हा—

सुनेत्रा: नको. ते वाक्य नको म्हणूस. मी दोन वर्षं रोज म्हणतेय ते, भांडी घासताना. त्याच्या पुढे काही येत नाही.

सुषमा: तुम्ही मला कधी बोलला नाहीत हे.

सुनेत्रा: कशी बोलणार? मला वाटायचं, तुझ्या भावाला मी मारलं असं तू म्हणशील.

सुषमा: आणि मला वाटायचं तुम्ही म्हणाल.

सुनेत्रा: मघाशी वाटलं होतं तसं. तू 'चहा गाळत होते' म्हणालीस ना, तेव्हा. खोटं कशाला सांगू. तुझा हात धरून तुला दाराबाहेर काढावं असं वाटलं. मग म्हटलं, माझं काय करू.

सुषमा: वहिनी, मला जावं लागेल. आत्ता.

सुनेत्रा: जा. कडी लावू नकोस, कधी कधी चक्कर येते. आणि सुषमा, लाईट लाव.

सुषमा: ...हो.

सुनेत्रा: ठीक आहेस का? आवाज दे मधून मधून!

सुषमा: आहे!

सुनेत्रा: ये. बस इथे. पाणी पिवळं व्हायला लागलं का?

सुषमा: नाही अजून.

सुनेत्रा: अजून चार-पाचदा जावं लागेल. रक्त?

सुषमा: आहे.

सुनेत्रा: किती?

सुषमा: थोडं.

सुनेत्रा: थोडं म्हणजे किती?

सुषमा: लाईटमध्ये जास्त दिसतं, वहिनी.

सुनेत्रा: भाऊजींना फोन लाव.

सुषमा: आठला सुटते शिफ्ट. आल्यावर सांगते ना.

सुनेत्रा: आत्ता लाव.

सुषमा: तुम्ही सांगा. मला नाही जमणार.

सुनेत्रा: नाही. तुझं तू सांगायचंस. मी इथेच बसलेय.

सुषमा: ...हॅलो? हो, पितेय. तीन ग्लास झाले. नाही, उलटी नाही झाली. वहिनी आहेत ना. अहो, ऐका ना, मला एक सांगायचं... काही नाही. डबा खाल्लात का तुम्ही? हां. नाही, असंच. ठेवते.

सुनेत्रा: ठेवलास?

सुषमा: मागे मशीन चालू होतं. ओरडून सांगू का मी? पॅकिंग लाईनवर उभा असलेल्या माणसाला ओरडून सांगू?

सुनेत्रा: रडू नकोस. अंगातलं पाणी जातंय आधीच.

सुषमा: मला वाटलं होतं, बोलले की हलकं वाटेल. काही हलकं नाही वाटलं. तुम्हाला वाटलं?

सुनेत्रा: नाही.

सुषमा: मग उपयोग काय?

सुनेत्रा: उपयोगाचं राहू दे. चौथा ग्लास राहिलाय. आठपर्यंत मी काही जात नाही. आठनंतरही नाही.

(दुसरा दिवस, दुपारचे बारा. उल्हासनगरच्या दवाखान्यातली तपासणीनंतर पेशंटला झोपवतात ती खोली.)

सुषमा: झालं?

सुनेत्रा: झालं. उठू नकोस, गुंगी आहे अजून.

सुषमा: साफ होतं का आत? परत तर नाही ना प्यावं लागणार ते?

सुनेत्रा: एकदम साफ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशंटने तयारी फार चांगली केली.

सुषमा: हे कुठायत?

सुनेत्रा: खाली गेलेत. सीटी स्कॅनची तारीख घ्यायला.

सुषमा: म्हणजे.

सुनेत्रा: त्या म्हणाल्या, मी येऊन सांगते, शुद्धीवर येऊ दे नीट. पण तू विचारलंस तर मी थांबणार नाही, असं मी ठरवलं होतं.

सुषमा: विचारते.

सुनेत्रा: गाठ आहे. डाव्या बाजूला. तुकडा घेतलाय तपासायला.

सुषमा: दादाला होती तिथेच?

सुनेत्रा: तिथून थोडी वर.

सुषमा: मोठी आहे?

सुनेत्रा: दुर्बीण गाठीच्या पलीकडे गेली. त्यांच्या वेळी गेली नव्हती.

सुषमा: हे चांगलं असतं का?

सुनेत्रा: माहीत नाही गं. विचारायचं धाडस झालं नाही मला.

सुषमा: काल आल्यावर यांना सांगितलं ना मी, तर आधी पाचचा गजर लावला. पहाटे उठले आणि दुसऱ्या लिटरचा पहिला ग्लास स्वतः भरून आणला. मी पिईपर्यंत समोर उभे होते.

सुनेत्रा: बघितलं मी.

सुषमा: प्रेमचा आज फिजिक्सचा पेपर. अजून तीन आहेत. ते होऊन जाऊ देत वहिनी. मग सांगू.

सुनेत्रा: आजचा किती वाजता सुटतो?

सुषमा: दोनला.

सुनेत्रा: आणि घरी कधी येतो?

सुषमा: अडीचपर्यंत.

सुनेत्रा: खाली इडली मिळते. आणते मी, दोन तरी खाऊन घे. अडीचला रिकाम्या पोटी नको सांगूस त्याला.