अंजनाबाईंची डिस्क

धंतोलीच्या दवाखान्यात उत्तरा बसली होती. तिच्या शेजारी एक नवरा-बायको नंबरची वाट बघत होते. बायकोच्या घशाचं ऑपरेशन होतं. त्यानंतर तिचा आवाज राहणार नव्हता.

“नवी डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची केली. आता तुह्या आवाजाच्या मोठ्या रेकॉर्डिंगबी मावतात,” नवरा म्हणाला.

“जिंदगीभर मले चूप बस म्हटलं, अन् आता जागा पुरून नाही राहिली! कॉम्प्रेस करा ना, दाबून कमी जागेत बसवा.”

“नाही करत.”

“काहून? काही कटते का त्याच्यात?”

“काहीच नाही कटत वं. उघडलं का जसंच्या तसं.”

“मंग?”

“तुले दाबून ठेवाचा जीव नाही होत.”



“अंजनाबाई कोण?” नर्सनं पुकारलं.

नवऱ्यानं घाईघाईनं मोबाईल तिच्या तोंडाशी धरला.

“मी,” ती म्हणाली.